गेटला सर्दी झालीय

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. त्याचे भाग दोन. पहिला : ऑटोमॅटिक गेट दर पावसाळ्यात बंद पडतं, तेव्हा ते भंगारात काढावं आणि मोबाइलवरून चालणारं नवं, आधुनिक गेट बसवावं. दुसरा : नवं गेट आलं की रात्रपाळीच्या वॉचमनची गरज उरणार नाही, त्यामुळे गेटचे एक लाख साठ हजार वर्षभरात वसूल. व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल शीटसुद्धा फिरतेय. रंगीत आहे.

माझा दोन्ही भागांना विरोध आहे. सभेत बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यातली दोन "आधी पार्किंगचं बोला" यात जातात, म्हणून इथे लिहितोय. गेटच्या मोटरीत ज्यांना काडीचाही रस नाही त्यांनी पुढच्या शनिवारी यावं, राग नाही. :-)

तर आधी भूगोल. माझगावला समुद्र आहे, पण तो दिसत नाही. गोदीची भिंत आणि गोदामं मध्ये येतात. वारा मात्र भिंत मानत नाही. गच्चीवरच्या डिशच्या नटबोल्टपासून बाल्कनीच्या ग्रिलपर्यंत सगळ्यांना तो वर्षभर मीठ चोळत असतो. त्यावर पाऊस : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. ज्या लंडनच्या पावसाबद्दल लोक जन्मभर कुरकुरतात तिथे अख्ख्या वर्षात साधारण सहाशे पडतो.

आता गेटच्या मोटरी. यातल्या बऱ्याच नामांकित कंपन्या उत्तर इटलीतल्या. (१९६५ साली बोलोन्यात सुरू झालेल्या 'फाक'चं नावच मुळी 'गेट उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांचा कारखाना' या अर्थाच्या इटालियन शब्दांची आद्याक्षरं आहे. आपल्याकडे असं सरळ नाव कोणी ठेवत नाही.) बऱ्याच मॅन्युअलांमध्ये लिहिलेलं असतं, तापमान उणे २० ते ५५. त्यातल्या उणे २० चा माझगावात कोणाला उपयोग होणार आहे ते देव जाणे. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा : 'आयपी ५४' किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ४ असेल तर कुठल्याही बाजूने शिंतोडे उडाले तरी चालतं. बुडालेलं चालत नाही. त्यासाठी तिथे ७ लागतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सेल्समन त्या ४ वर बोट ठेवून "वॉटरप्रूफ आहे सर" म्हणतो आणि कमिटी माना डोलावते.

मागच्या जुलैत गेट बंद पडलं तेव्हा दारूखान्याच्या बाजूचे एक मिस्त्री आले होते. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. मेन स्विच पाडला, डब्याचं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मोटर मेली नाहीये साहेब, तिला सर्दी झालीय."

हे विधान मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं, पण ते शब्दशः खरं आहे. दुपारी उन्हात डबा तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि वायरच्या भोकातून बाहेर जाते. मग अचानक सर येते, डबा दोन मिनिटांत गार होतो, आतली हवा आकसते आणि त्याच भोकातून बाहेरची ओली, खारट हवा आत ओढली जाते. पाणी आत शिरत नाही, डबा ते श्वासाबरोबर घेतो. रोज दोन-तीन वेळा, चार महिने. सप्टेंबरपर्यंत बोर्डावरच्या तांब्यावर हिरवा थर आलेला असतो. शिवाय आत ऊब असते, म्हणून मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागे पाली. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत पतंग सापडला होता आणि त्यांनी तो वहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. आमच्या रिलेत पाल होती. वहीत चिकटवली नाही.

इलाज काय केला? डब्याच्या वरच्या अंगाला असलेलं वायरचं भोक बुजवलं आणि खालच्या बाजूला नवं पाडून त्याला रबरी ग्लँड लावला. वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडतं. बोर्ड साफ करून, वाळवून त्यावर पारदर्शक लॅकरचा हात मारला. कपॅसिटर बदलला. अख्खा डबा जमिनीपासून कमरेइतका वर घेतला. अडीच तासांचं काम. याच गेटसाठी आदल्या आठवड्यात आलेल्या माणसाने "बोर्ड गेला, मोटर गेली, मॉडेल बंद झालं" असं सांगून नव्या गेटचं कोटेशन दिलं होतं. तेच ते एक लाख साठ हजारांचं.

डबा वर घेण्यावरून कमिटीत बराच वाद झाला, 'दिसायला बरं नाही' म्हणून. दिसण्याचं ठीक आहे, पण पाणी किती चढेल हे आपल्या आठवणीवर ठरवू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. तेव्हापासून आमच्याकडच्या ज्येष्ठांची पक्की समजूत आहे की पूर उपनगरात येतो, टाउनमध्ये नाही. ५ ऑगस्ट २०२० ला हेच उलटं झालं : कुलाब्याला २४ तासांत तीनशे मिलिमीटरच्या वर, सांताक्रूझला त्याच्या निम्मा. वाराही कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नोंदीतला सगळ्यात लवकरचा. 'मेअखेरीस गेटची सर्व्हिसिंग करून घेऊ' म्हणणाऱ्यांची सर्व्हिसिंग पाण्यातच झाली.

पण डबा, बोर्ड, ग्लँड हे सगळं दुय्यम. मुख्य गोष्ट मिस्त्रींनी नंतर केली. मोटरच्या पोटाशी एक छोटी किल्ली लागते. ती फिरवली की मोटर आणि गेटचा संबंध तुटतो आणि गेट हाताने ढकलता येतं. त्यांनी किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, "ढकला." मी ढकललं. हललं नाही. खांदा लावला तेव्हा करकरत फूटभर सरकलं.

"आता सांगा साहेब, तुम्हाला जे जमत नाही ते ही बिचारी दिवसातून दोनशे वेळा करते. मग ती जळली की तिलाच शिव्या."

बाजूला सरकणाऱ्या गेटचं वजन सहज तीनशे-चारशे किलो असतं. चाकं फिरती असतील, रूळ सरळ आणि स्वच्छ असेल, तर ते एका हाताने सरकलं पाहिजे. आमच्या चाकांची बेअरिंगं गंजून घट्ट झाली होती, रुळात गाळ, पर्जन्यवृक्षाची पानं आणि गुटख्याच्या पुड्या यांचा सिमेंटसारखा थर होता, आणि कोणीतरी प्रेमाने रॅकच्या दात्यांना ग्रीस चोपडलं होतं. उघड्यावरच्या दात्यांना ग्रीस लावायचं नसतं. त्याला रेती चिकटते आणि ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. मोटर हे सगळं मुकाट्याने ओढत होती. आयटीवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. क्वेरी भिकार लिहिलेली आहे, पण सर्व्हर दणकट म्हणून कोणाला कळत नाही. मग एक दिवस सर्व्हर झोपतो आणि मीटिंगमध्ये ठरतं की आणखी मोठा सर्व्हर घ्या. नवं गेट म्हणजे हाच मोठा सर्व्हर. तो त्याच रुळावर, त्याच गाळात उभा राहणार आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यालाही सर्दी होणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की गेट मुळात हाताने चालणारं हवं, मोटर ही त्यावरची सोय. आधी हाताने ढकलून बघा. नीट सरकत नसेल तर मोटरच्या डब्याला हातसुद्धा लावू नका, चाकांपासून सुरू करा. या सगळ्या कारभारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार झाडू आहे.

आणि दुरुस्तीसाठी माझगावइतकी चांगली जागा जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. हे अभिमान म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगतोय. लोखंडी चॅनेल, अँगल, साखळी, जुनी चाकं हवीत? दारूखाना. बेअरिंग हवं? नागदेवी स्ट्रीट, जुनं बेअरिंग घेऊन जा, तो नंबरसुद्धा न वाचता जोडीदार काढून देतो. केबल, एमसीबी, ग्लँड? लोहार चाळ. रिले, कपॅसिटर, रिमोट, बोर्डावरचा जळका भाग? लॅमिंग्टन रोड. सगळं पाचेक किलोमीटरच्या आत. ज्या बोर्डाला 'मॉडेल बंद झालं' म्हणून मृत घोषित केलं होतं त्यातला मेलेला रिले लॅमिंग्टन रोडला चहाच्या पैशांत मिळाला. चाकं, बेअरिंगं, बोर्ड, मजुरी धरून सगळा खर्च नऊ हजारांच्या आत आला.

आमचं एएमसीसुद्धा होतं, बरं का. त्यात बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टी : पाणी शिरणं, वीज पडणं किंवा व्होल्टेज वरखाली होणं, उंदीर-पाली-कीटक. म्हणजे माझगावात ज्या ज्या कारणांनी मोटर मरू शकते ती सगळी वगळून उरलेल्या कारणांचा विमा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात चार क्षेत्रं घेतली : शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. गेटची मोटर यात कुठे बसवायची ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता पत्र्याबद्दल. ठरावातल्या नव्या गेटला 'प्रायव्हसीसाठी' पूर्ण पत्रा आहे. चार मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच, म्हणजे सात चौरस मीटरच्या थोडं वर. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या पत्र्यावर किमान साडेतीनशे किलोचा रेटा येतो, आकडेमोड अकरावीच्या फिजिक्सची आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा कुलाब्याला वारा शंभरच्या वर होता. तेव्हा आमचं जाळीचं गेट थरथरत उभं राहिलं, कारण वारा त्यातून आरपार जात होता. पत्रा लावला की तुम्ही गेट बसवत नाही, शीड बसवता. मग गाईड रोलर वाकणार, गेट रुळावरून उतरणार आणि पुन्हा मोटरला शिव्या.

खाऱ्या हवेत दारं टिकतच नाहीत हे मला तरी मान्य नाही. आमच्या गावाचा धंदाच दारांचा आहे. सुकी गोदी म्हणजे काय, तर समुद्राला अडवणारं दार. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं. माझगावची पहिली छोटी सुकी गोदी १७७४ ची. जरा दक्षिणेला इंदिरा डॉक, जुनं नाव अलेक्झांड्रा, १९१४ मधलं. तिथे जहाजांसाठी लॉक आहे, म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली, त्यामुळे भरती असो ओहोटी असो, बोट आत घेता येते. दारं थेट खाऱ्या पाण्यात. अशा ठिकाणी कोणी 'या वर्षी नवीन दार घेऊ' म्हणत नाही. खरवडतात, रंगवतात, सील बदलतात. जहाजाच्या बुडाला तर जस्ताचे ठोकळे लावतात, म्हणजे समुद्राने खायचंच असेल तर आधी जस्त खावं, पोलाद नंतर. ठोकळे संपले की नवे. ठराव मांडणाऱ्यांपैकी एका काकांची नोकरी गोदीतच झाली आहे! त्यांना मी हे ऐकवलं तर म्हणाले, "अरे, तिथे माणसं होती त्या कामाला."

काका, मीही तेच म्हणतोय.

आता जे सांगतोय ते मात्र गंमतीत घेऊ नका. गेटच्या दोन्ही खांबांवर समोरासमोर दोन काळे डोळे असतात, फोटोसेल. मधून कोणी जात असेल तर गेट थांबतं. पावसाळ्यात त्यांच्या काचेवर आतून वाफ धरते, कोळी जाळं विणतो, आणि गेटला वाटतं की मध्ये कोणीतरी उभं आहे. मग ते बंदच होत नाही. उपाय असा की काच पुसा, सील बदला. पण होतं असं की रात्री अकराला कोणीतरी वैतागतं आणि दोन वायरी जोडून डोळेच बाद करून टाकतं. गेट झकास चालायला लागतं, जुगाड करणाऱ्याचं कौतुक होतं, आणि तो जुगाड पुढची पाच वर्षं तसाच राहतो. आमच्या आसपासच्या दोन इमारतींत मी हे बघितलंय. संध्याकाळी त्याच गेटपाशी पोरं लपाछपी खेळतात.

२०१० च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये, मँचेस्टर आणि वेल्समधल्या ब्रिजेंड इथे, आठवड्याभराच्या आत दोन लहान मुली इलेक्ट्रिक गेटमध्ये चिरडून गेल्या. एक सहा वर्षांची, एक पाच. त्यानंतर तिथल्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने गेट बसवणाऱ्यांना नव्याने ताकीद दिली. युरोपातलं प्रमाणक सांगतं की बंद होणारं गेट आणि खांब यांच्यात काही सापडलं तर त्यावर ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोच्या वर जोर येता कामा नये, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत सुटला पाहिजे. आता परत आमच्या गंजलेल्या चाकांकडे या. गेट जड चालतं म्हणून टेक्निशियन काय करतो? बोर्डावरचा जोराचा स्क्रू पिळून वाढवतो. म्हणजे गंज, गाळ आणि ग्रीस यांच्यावर मात करण्यासाठी दिलेला जोर मध्ये आलेल्या मुलाच्या छातीवरही तितकाच पडणार. चाकं साफ ठेवणं हा पैसे वाचवायचा प्रश्न नाही तो यामुळे. त्याच हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात : रुळाच्या टोकाला गेट निसटू नये म्हणून पक्का लोखंडी स्टॉपर, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, कारण पाण्यात उभं असलेलं लोखंडी गेट आणि त्यात चाललेली २३० व्होल्टची वायर ही जोडी बरी नव्हे. आरसीसीबी सोसायटीच्या पैशातून बसवा, भजनी मंडळाच्या लाउडस्पीकरआधी बसवा.

राहिला ठरावाचा दुसरा भाग. रात्रपाळीचे आमचे काका.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतं? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्याकडे बेस्टच्या केबल जमिनीखालून, वीज सहसा जात नाही, त्यामुळे 'वीज गेली तर गेटचं काय' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. गेट बंद अवस्थेत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला न्यायला गाडी आली होती. काका रात्रपाळी संपवून डबा घेऊन निघालेच होते. ते मागे फिरले, केबिनमधली किल्ली घेतली, फिरवली आणि गेट सरकवलं. मिनिटसुद्धा लागलं नसेल. दर महिन्याच्या एक तारखेला ते गेट एकदा हाताने उघडून बघतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. "सवय मोडली की हात विसरतो ना साहेब," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी जवळच्या एका इमारतीत किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात होती आणि सेक्रेटरी गावाला. त्यांनी शेवटी गॅस कटरवाल्याला बोलावलं.

मी ऑटोमॅटिक गेटच्या विरोधात नाही. बारा तासांच्या ड्युटीत चारशे किलोचं लोखंड भर पावसात ढकलायला लावणं हा माणुसकीचा प्रकार नाही, आणि मोटर आली तेव्हा काकांची पाठ वाचली. मोटर त्यांच्यासाठी होती. आता तिच्या नावाने त्यांनाच काढायचं चाललंय. एक्सेल शीटमध्ये त्यांची ओळ 'बचत' या कॉलमखाली आहे. रुळातला गाळ रोज पहाटे कोण काढतं, फोटोसेलची काच बनियनच्या चिंधीने कोण पुसतं, मोटरचा आवाज बदलला हे दोन आठवडे आधी कोणाला कळतं, याची ओळ शीटमध्ये नाही. मोबाइल अ‍ॅप रात्री तीन वाजता नोटिफिकेशन पाठवेल की गेट अडकलंय. ते वाचून खाली कोण उतरणार? ठरावावर सही करणाऱ्या अकरा जणांपैकी एकाने जरी हात वर केला तरी मी माझा विरोध मागे घेईन.

मोटरची एक किल्ली सध्या केबिनमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला आहे, दुसरी सेक्रेटरींकडे. दिवसपाळीवाल्यासाठी तिसरी हवी होती. ती मी भायखळ्याच्या चावीवाल्याकडे टाकलीय, सोमवारी देतो म्हणालाय.